कॅमेरा आणि लेन्स पावसाळ्यात कशा ठेवायच्या: पुण्यातल्या घरांसाठी सविस्तर पद्धत

लेन्सला बुरशी लागते जुलैत आणि कळते दिवाळीनंतर. पालखीचे फोटो काढून झाले की बॅग कपाटात जाते, गणपतीत एकदा घाईघाईने बाहेर येते, आणि तुळशीचं लग्न लागल्यावर लग्नसराईसाठी लेन्स उजेडात धरली की आतल्या काचेवर कोळिष्टकासारखे बारीक धागे दिसतात. बुरशी आम्ल सोडते आणि ते काचेवरचं कोटिंग, म्हणजे तिच्यावर दिलेला पातळ थर, खातं. काच साफ केली की धागे जातात, खाल्लेल्या कोटिंगचा डाग मात्र कायमचा राहतो.

बुरशीचे बीजाणू सगळ्या हवेत असतात, ते टाळता येत नाहीत. त्यांना रुजायला दोन गोष्टी लागतात: बोटांच्या ठशातला तेलकटपणा किंवा धूळ, आणि बराच काळ ६० ते ६५ टक्क्यांच्या वर राहणारी आर्द्रता. पुण्यात जुलै-ऑगस्टच्या सकाळी हवा ८५ टक्क्यांच्या वर दमट असते. हेच पुणं एप्रिलच्या दुपारी २०-२५ टक्क्यांवर येतं. त्यामुळे किनाऱ्यावरच्या शहरासाठी सांगितलेली बारमाही पद्धत इथे जशीच्या तशी लावायचं कारण नाही. इथे चार महिने नीट सांभाळायचे आहेत आणि उन्हाळ्यात उलट्या बाजूने चूक होऊ द्यायची नाही.

लक्ष्य एकच: कॅमेरा जिथे राहतो तिथली आर्द्रता ४० ते ५० टक्के. जितकं कोरडं तितकं चांगलं, हा गैरसमज आहे. महिनोन् महिने ३० च्या खाली ठेवलं तर चामडं आणि रबर कडक पडायला लागतं.

आधी आर्द्रतामापक, मग बाकीची खरेदी

छोटा डिजिटल हायग्रोमीटर काही शे रुपयांत मिळतो, तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन. असे दोन घ्या: एक कॅमेरा ठेवायच्या हवाबंद डब्यात राहील (डब्याचं पुढे येतंच), दुसरा खोलीत. स्वस्त मापक पाच-सात टक्क्यांनी सहज चुकतो, म्हणून विकत आणल्यावर त्याची मिठाची चाचणी घ्या.

बाटलीच्या झाकणात साधं मीठ भरा आणि त्यात थेंब थेंब पाणी घाला. मीठ ओल्या वाळूसारखं दिसायला हवं. वर पाणी तरंगलं तर जास्त झालं, थोडं मीठ वाढवा. हे झाकण आणि मापक एकमेकांना न लागता एका छोट्या हवाबंद डब्यात ठेवा आणि रात्रभर हात लावू नका. ओल्या मिठावरची बंद हवा साधारण खोलीच्या तापमानाला ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मापक ७० दाखवत असेल तर तो पाचने कमी दाखवतो. त्याच्या पाठीवर पेनाने ‘+५’ लिहून टाका. हा फरक धरल्याशिवाय पुढचे सगळे आकडे अंदाजपंचे ठरतात.

आता दुसरा मापक कॅमेऱ्याच्या कपाटात दोन दिवस ठेवा. पुष्कळ घरांत कपाटातला आकडा खोलीपेक्षा जास्त निघतो, कारण कपाट बंद असतं, त्यात कपडे-कागद असतात आणि मागची भिंत बऱ्याचदा बाहेरची असते.

जागा

भिंतीत बसवलेलं कपाट बाहेरच्या भिंतीवर किंवा बाथरूमला लागून असेल तर ते बाद. माळा बाद. पेठांतल्या जुन्या वाड्यांत तळमजल्याच्या जाड भिंती पावसाळाभर ओल धरून असतात, तिथे भिंतीपासून चार बोटं लांब असलेलं लोखंडी कपाट बरं. सर्वात वरच्या मजल्यावर गच्चीची गळती एका कोपऱ्यात हळूहळू उतरते. रंगाला पापुद्रे धरलेल्या त्या भिंतीजवळ काहीच ठेवू नका. खोलीच्या मध्याकडची, जमिनीपासून दोन-तीन फूट उंच आणि रोज जाता-येता दिसणारी जागा निवडा. रोज दिसणाऱ्या मापकाकडे लक्ष जातं.

कॅमेऱ्याची बॅग ही साठवणीची जागा नव्हे

बॅग हे ओझं वाहायचं साधन. तिचा फोम आणि आतलं कापड पाणी धरून ठेवतं, झिप लावली की वारा बंद होतो आणि वर अंधार. ताम्हिणी किंवा सिंहगडावरून परत आल्यावर बॅग वरून कोरडी लागली तरी फोम आतून दमट असतो.

हे पाणी किती, ते एकदा हिशेबाने पाहा. २५ अंशांच्या हवेत जास्तीत जास्त घनमीटरमागे २३ ग्रॅम वाफ मावते. ८५ टक्के दमट हवेने भरलेल्या २० लिटरच्या डब्यात म्हणजे जेमतेम ०.३९ ग्रॅम पाणी. ते ४५ टक्क्यांवर आणायचं तर ०.१८ ग्रॅम काढावं लागतं, चार थेंबांहूनही कमी. आता त्याच डब्यात लेन्सखाली १०० ग्रॅमचा सुती नॅपकिन अंथरा. पावसाळी हवेत मुरलेला तो नॅपकिन ४५ टक्क्यांवर यायला पाच ग्रॅमच्या आसपास पाणी सोडतो, म्हणजे डब्यातल्या हवेच्या पंचवीसपटीहून जास्त. डब्यात दमटपणा शिरतो तो मुख्यतः असा, कापड, फोम, चामडं आणि पुठ्ठा यांच्या पाठीवर बसून.

म्हणून डब्यात फक्त बॉडी, म्हणजे लेन्स काढलेला कॅमेरा, लेन्स आणि फ्लॅश. चामड्याचे कव्हर, लेन्ससोबत आलेल्या मऊ पिशव्या, खोकी, माहितीपुस्तिका आणि कापडी पट्टे बाहेर. चामड्यावर तर बुरशी काचेच्या आधी धरते. लेन्स एकमेकींवर आपटू नयेत म्हणून खाली जाड प्लॅस्टिकची जाळी टाका. भांड्यांच्या रॅकमध्ये अंथरतात ती चालते, ती पाणी धरत नाही.

ठेवण्याआधी दहा मिनिटं

आधी फुंकणी, म्हणजे रबरी ब्लोअर, मग मऊ ब्रश आणि शेवटी कापड. हा क्रम उलटला तर कापडाखाली धुळीचा कण घासला जातो. लेन्स साफ करायचं द्रव काचेवर कधीही थेट टाकू नका, ते कडेने आत उतरतं. मायक्रोफायबरच्या कापडावर दोन थेंब घ्या आणि मधून कडेकडे गोल फिरवत पुसा. मागची काच, व्ह्यूफाइंडर आणि डोळ्याजवळचं रबर लोक विसरतात. घाम आणि गालाचं तेल नेमकं तिथेच असतं.

यूव्ही फिल्टर, म्हणजे लेन्सच्या तोंडावर आट्यांनी बसवलेली जादा काच, काढा. फिल्टर आणि पुढची काच यांच्यामधल्या पोकळीला वारा नाही, त्यामुळे ओल तिथेच अडकून राहते. शिवाय दोन-तीन पावसाळे न काढलेला फिल्टर आट्यांमध्ये असा जाम होतो की मग दुकानातच जावं लागतं.

विसर्जन मिरवणुकीनंतर गुलाल. तो ओला होऊ देऊ नका. कोरडा असतानाच ब्रशने झूमच्या कडा, हॉटशू (फ्लॅश बसवायची खाच) आणि बटणांभोवतीचा झाडा, मग ब्लोअर मारा. ओलं फडकं आधी लावलं तर लाल चिखल फटीत बसतो. गुलाल पूर्ण झाडून होईपर्यंत लेन्स बॉडीवरून काढू नका आणि झूम उगाच मागे-पुढे करू नका. बाहेर-आत होणारी झूम लेन्स भात्यासारखी हवा ओढते, हवेबरोबर धूळही.

कोकणातून, म्हणजे दिवेआगर-हरिहरेश्वरकडून आल्यावर हीच काळजी मिठासाठी. मघाशी मापक तपासायला वापरलेलं मीठच इथे शत्रू होतं: हवा ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून विरघळतं. बॅरलवर, म्हणजे लेन्सच्या नळीवर, बसलेला खारा थर पुण्यातल्या पावसाळी हवेत रोज ओला होत राहतो आणि स्क्रू गंजतात. साध्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या कापडाने बॉडी, बॅरल आणि ट्रायपॉडचे पाय पुसा, लगेच कोरड्याने पुसा. ट्रायपॉडचे सगळे कप्पे उघडून, पाय लांब करून एक रात्र पंख्याखाली उभा ठेवा.

हवाबंद डबा

दोन बॉडी आणि तीन-चार लेन्सपर्यंत हा उपाय पुरतो. चारी बाजूंनी कुलपासारखे लागणारे कान आणि झाकणाच्या खोबणीत सिलिकॉनची रिंग असलेला स्वच्छ प्लॅस्टिकचा डबा घ्या. एक बॉडी व दोन लेन्सना १० लिटर, त्याहून जास्त सामानाला २० लिटर. तुळशीबागेत भांड्यांच्या दुकानात पोहे-रवा ठेवायला म्हणून असतात तेच. नुसतं वरून दाबून बसणारं झाकण चालत नाही.

रिंग धरते की नाही हे दुकानातच पाहता येतं. झाकण आणि काठ यांच्यात कागदाची पट्टी ठेवून कान लावा आणि पट्टी ओढा. चारी बाजूंना आणि कोपऱ्यांना ती अडली पाहिजे. एका कोपऱ्यातून जरी सहज सुटली तरी दुसरा डबा मागा.

सिलिका जेल: किती, कसं आणि कधी

सिलिका जेल म्हणजे हवेतली ओल शोषणारे दाणे. त्यातलं रंग बदलणारं नारंगी जेल घ्या. ते ओलं झालं की हिरवट पडतं. निळ्याचं गुलाबी होणारं जेल जुनं आणि सगळीकडे मिळणारं, पण त्यातला रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो. स्वयंपाकघरात तापवायची वस्तू असल्याने ते टाळलेलं बरं.

२० लिटरच्या डब्याला २०० ग्रॅम जेल, ५०-५० ग्रॅमच्या चार पुड्यांत. पुडी मांजरपाटाची शिवा. मलमल विरळ असते, तिच्यातून जेलची भुकटी झिरपते आणि ती लेन्सच्या आट्यांत जायला नको. प्रत्येक पुडीवर १ ते ४ आकडा आणि कोरडं वजन ग्रॅममध्ये लिहा.

इथे एक चूक फार होते: चारही पुड्या ताज्या भाजून एकदम टाकल्या जातात. मग आकडा धाडकन २० च्या खाली जातो आणि काही आठवड्यांनी सावकाश ६० वर चढतो. त्याऐवजी पुड्या फिरत्या ठेवा. सुरुवातीला दोन ताज्या टाका आणि २४ तासांनी मापक पाहा. ५० च्या वर असेल तर तिसरी, मग चौथी. पुढे आकडा ५० ओलांडेल तेव्हा फक्त सगळ्यात जुनी पुडी काढून भाजा. अर्ध्या मुरलेल्या पुड्या डब्याची आर्द्रता आपोआप तोलून धरतात: डबा उघडल्यावर पाणी घेतात, फार कोरडं झालं तर थोडं सोडतात.

पुडी संपली का, हे रंगापेक्षा वजनकाटा नेमकं सांगतो. ४०-४५ टक्के आर्द्रतेच्या हवेत सिलिका जेल आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकं पाणी धरतं. म्हणजे ५० ची पुडी ६० झाली की तिचं काम संपलं. स्वयंपाकघरातला एक ग्रॅम दाखवणारा काटा पुरे.

भाजायचं असं. जेल पुडीतून ताटलीत काढा, कापडासकट तापवू नका. ओव्हन असेल तर एक सेंटिमीटरचा थर, ११० ते १२० अंश, दोन तास. दाराला बारीक फट ठेवा म्हणजे वाफ बाहेर जाईल. १५० च्या वर नेलं तर रंग मरतो आणि पुढे ओलं-कोरडं दिसेनासं होतं. ओव्हन नसेल तर जाड बुडाची कढई, अगदी मंद आच आणि रवा भाजताना ढवळतो तसं सतत ढवळणं, रंग परत येईपर्यंत. ही कढई मग जेलचीच, तिच्यात पोहे करायचे नाहीत. मायक्रोवेव्हमध्ये दाणे तडकतात. भाजलेलं जेल झाकणाच्या स्टीलच्या डब्यात गार करा. उघड्यावर गार होऊ दिलं तर ते तिथेच खोलीतलं पाणी प्यायला लागतं. गार झाल्यावर वजन करा, पुडीवरच्या आकड्याशी जुळलं पाहिजे.

डबा उघडा ठेवून लेन्स निवडत बसू नका. काय काढायचं ते ठरवून उघडा, काढा, लावा.

ड्राय कॅबिनेट कधी घ्यावं

चारपेक्षा जास्त लेन्स असतील, किंवा पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा काम असेल तर पुड्या फिरवण्याचा कंटाळा येतो आणि कंटाळा आला की बुरशीचं फावतं. तेव्हा आतली हवा आपोआप कोरडी ठेवणारं विजेवरचं कॅबिनेट घ्या. आज लागतं त्याच्या दीडपट मापाचं. आकडा ४५ वर ठेवा. पहिल्यांदा सामान भरल्यावर आकडा खाली यायला एक-दोन दिवस लागतात, तोवर बटणं दाबत बसू नका. मागची बाजू भिंतीला चिकटवू नका, चार बोटं मोकळी सोडा, कारण शोषलेलं पाणी ते मागूनच बाहेर टाकतं. वीज गेली तरी काही तास घाबरायचं कारण नाही, दार बंद असेल तर आकडा हळूच चढतो. त्याच्या पडद्यावरच्या आकड्यावर मात्र विश्वास ठेवू नका, तुमचा तपासलेला मापक आत ठेवा. दाराचं रबर दर जूनमध्ये त्याच कागदाच्या पट्टीने तपासा.

भिजलेली बॅग किंवा ओला पट्टा आत टाकला तर नॅपकिनचा हिशेब इथेही लागू होतो.

एसी आणि दव

साठवण बिनचूक असली तरी लेन्स आतून ओली होते ती अशी: एसी गाडीतून लोणावळ्याला उतरलात, बाहेर २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता. अशा हवेतली वाफ साधारण २५ अंशांना दव होऊन बसते. तुमची लेन्स २२-२३ अंशांची आहे. म्हणजे ती हवेत येताच भाकरीच्या झाकणासारखी आतून-बाहेरून घामेजते. पुढची काच पुसता येते, आतली नाही.

उपाय फुकटचा आहे. पोहोचायच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी एसी बंद करा आणि काचा खाली घ्या. ते जमत नसेल तर कॅमेरा लेन्ससकट झिपच्या पिशवीत बंद करून बाहेर काढा. दव पिशवीच्या बाहेरच्या अंगावर बसेल. पिशवी बाहेरच्या हवेइतकी कोमट लागली की उघडा, मोठ्या टेलिफोटोला, म्हणजे लांबचं टिपणाऱ्या लेन्सला, पाऊण-एक तास द्या. धुकं आल्यावर घाबरून लेन्स बदलायला जाऊ नका, तीच दमट हवा सेन्सरपर्यंत पोहोचते.

खरोखर भिजलाच तर बंद करा, बॅटरी आणि कार्ड काढा, झटकू नका, पुसा. हेअर ड्रायर नाही. तांदळाच्या डब्यातही नाही, त्याची पिठूळ धूळ फटीत शिरते आणि पाणी फारसं निघत नाही. कप्पे उघडे ठेवून एक दिवस पंख्याखाली, मग दोन दिवस ताज्या जेलसह डब्यात. तोवर बटण दाबून बघायचा मोह आवरा.

हे डब्यात नको

डांबराच्या गोळ्या आणि कापूर: त्यांची वाफ काचेवर थर धरते आणि काही प्लॅस्टिकना खाते. कपाटात लटकवायच्या पाणी जमवणाऱ्या पिशव्या: त्यांत कॅल्शियम क्लोराइड असतं, खाली साचतं ते खारं पाणी आणि पिशवी फुटली तर धातू गंजतो. कपड्यांच्या कपाटापुरत्या त्या ठीक. कपाटात बल्ब लावायची जुनी युक्ती खोटी नव्हती. हवा पाच अंशांनी तापली की ८५ टक्क्यांचे ६५ च्या आत येतात. पण तेवढ्याने ५० गाठत नाही, सतत उबेने लेन्समधलं ग्रीस पातळ होऊन अॅपर्चरच्या, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या छिद्राच्या, पात्यांवर येऊ शकतं, आणि आताचे ‘झिरो’चे एलईडी दिवे तापतच नाहीत.

बॅटऱ्या बॉडीतून काढून अर्ध्या चार्जवर. फ्लॅशमधले पेन्सिल सेल तर आठवणीने काढा, ते गळले की कप्पाच जातो. फिल्म वापरत असाल तर ती बंद डबीत फ्रिजमध्ये, आणि बाहेर काढल्यावर दोन-तीन तास डबी न उघडता. कॅमेरा फ्रिजमध्ये ठेवायचा नाही.

दर पंधरा दिवसांनी टॉर्च

खोलीत अंधार करा. अॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च तिरका मारा आणि पुढून पाहा, मग उलट बाजूने. सुटे ठिपके म्हणजे धूळ, तिने फोटोत काही बिघडत नाही. एकसारखा दुधी पडदा म्हणजे बहुधा वाफ किंवा ग्रीसचा थर. काठाकडून आत फुटणारे, फाटे असलेले धागे म्हणजे बुरशी. ती लेन्स त्याच दिवशी वेगळ्या डब्यात ताज्या जेलसह ठेवा आणि आठवड्याच्या आत लेन्स उघडून साफ करणाऱ्या कारागिराकडे द्या. कोटिंग खाल्लं जाण्याआधी गेली तर बहुतेकदा पूर्ण सुधारते. उन्हात ठेवून बुरशी घालवायचे सल्ले मिळतील. उन्हाने ती मंदावली तरी धागे आणि आम्ल काचेवरच राहतात, आणि तापलेली लेन्स हा वेगळाच खर्च.

तपासताना फोकस आणि झूमची रिंग दोन-तीनदा पूर्ण फिरवा, दहा-बारा फोटो काढा.

ऑक्टोबर तापला की चामड्याची कव्हर सावलीत वाऱ्यावर टाका, बॅगेच्या फोमचे कप्पे सुटे करून दोन दिवस कडक उन्हात द्या. हिवाळ्यात एक-दोन पुड्या पुरतात. मार्चनंतर मापक ३५ च्या खाली जायला लागला की सगळ्या पुड्या काढून स्टीलच्या डब्यात बंद करा. मेच्या शेवटी, वळवाची पहिली सर यायच्या बेताला, मिठाची चाचणी परत घ्या, रिंग पट्टीने तपासा आणि पुडी नंबर १ कढईत टाका.